धुतलेली बंडी

रझिया आपा माणसाचा चेहरा नंतर बघत, हात आधी. अंगठी, कडं, घड्याळ, वाढलेलं नख. मग एकच शब्द, "काढा." नव्या माणसाला काय काढायचं तेच कळत नसे.

एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आमच्या संग्रहालयातल्या वस्त्रांच्या खोलीत आले. त्यांच्या बोटांवर पुष्कराज, पोवळं, नीलम, सगळी ग्रहमाला होती. एका जुन्या अंगरख्याची जर दाखवायला त्यांनी बोट पुढं केलं, तेवढ्यात आपांनी बोटाखाली रिकामी बशी धरली.

"हे काय, बाई?"

"अंगठ्या याच्यात. नाई तं हात खिशात."

पाहुणे हसले. अध्यक्षही हसले आणि त्यांनी हात खिशात घातले. असली माणसं हसतात तेव्हा विसरत नाहीत, हे मी आपांना नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "नीलमचा कोपरा जरीत अडकला असता. त्यायच्या आठवणीचं मी काय करू?"

आपा बडनेऱ्याच्या एका रेल्वे गार्डची मुलगी. वडिलांच्या पासवर लखनौला गेल्या आणि जुनी वस्त्रं कशी जपायची याचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या. मोठ्या संग्रहालयांत काम केलं, मग आईच्या आजारपणात अमरावतीला परतल्या ते कायमच्या. इथं एका शिक्षणसंस्थेनं वस्तुसंग्रहालय काढलं होतं, तिथं लागल्या. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही. विचारलं की म्हणत, "मी काय पैठणी हाय का, साल विचारून राहिली?"

मी तिथं चिठ्ठ्या लिहायला होते. काचेच्या पेटीत वस्तूशेजारी ठेवतात त्या. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा आंदोलनांची पत्रकं जास्त. माझ्या मजकुरात उद्गारचिन्हं फार यायची. आपा लाल पेन्सिल घेऊन ती एकेक खोडत. "कापड ओरडून नाई राहिलं. तू काहून ओरडते?"

ती वऱ्हाडातली वाईट वर्षं होती. रोजच्या पेपरात आतल्या पानावर काळ्या चौकटी यायच्या आणि चौकटीतल्या माणसाचं गाव पहिल्या पानावरच्या मंत्र्याच्या दौऱ्यात असायचं. मंत्री येत, ओट्यावर बसत, विधवेच्या हातात पाकीट ठेवताना कॅमेऱ्याकडे बघत. आणि त्याच वर्षांत आमच्या संस्थेला 'कापूस दालन' सुचलं. कापूस पिकवणारा फवारणीचं औषध पिऊन मरतोय आणि हे कापसाचं दालन काढतायत! हे उद्गारचिन्ह आपांनी खोडलं असतं. मी ठेवते.

आपांचे दोन शत्रू होते. एक डांबरगोळ्या, दुसरी भक्ती. डांबरगोळी दिसली की कुणाच्याही हातून हिसकून त्या खिडकीबाहेर फेकत. भक्तीला खिडकीबाहेर फेकता येत नाही. खंडेनवमीला सगळे शिपाई आपापल्या हत्यारांची पूजा करत. शिपाई पुंडलिकनं त्या वर्षी हौसेनं वस्त्रांच्या खोलीतल्या जुन्या रेशमी निशाणालाच हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी आपांनी पाहिलं आणि अशा ओरडल्या की आवाज जिन्यापर्यंत आला. संध्याकाळपर्यंत कार्यालयात बातमी होती, 'बाईंना आपली पूजा खपत नाही.' कुंकवाखाली रेशीम जळतं, हे कुणी ऐकून घेतलं नाही. बाईचं नाव रझिया होतं, तेवढं कार्यालयाला पुरलं.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी स्वतःच टेबलावर पितळेचं ताट मांडलं. त्यात आपली कात्री, मऊ ब्रश, चिमटा आणि भिंग.

"पुंडलिक, ये. हे माझे हत्यार. यायची कर पूजा. मन भरून कर."

पुंडलिकनं भिंगाला कुंकू लावलं. "आपा, आता सगळं लाल दिसन तुमाले."

"मले पयलेच लाल दिसते बाप्पा, तुमची कामं पाहून."

मळ वेगळा आणि डाग वेगळा, हे त्यांचं सगळं शास्त्र. मळ नंतर बसतो, कपाटात, हाताळताना, धुळीतून. तो ब्रशनं, हलक्या हातानं, धीरानं काढायचा. डाग त्या दिवसाचा असतो, ज्या दिवसासाठी ते कापड ठेवलंय त्या दिवसाचा. त्याला हात लावायचा नाही. "डाग काढला तं मंग उरलं काय? दुकानातलं कापड," त्या म्हणत.

कापूस दालनासाठी संस्थेला 'शेतकऱ्याची एखादी वस्तू' हवी होती. आपांना एका बंडीबद्दल कळलं आणि आम्ही दोघी नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावी गेलो. गिरजाबाईंच्या घरी. त्यांचा नवरा किसन, माझ्या जन्माच्या आधी, कापूस खरेदी केंद्रासमोरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीनं गेला होता. सरकारी कागदात लिहिलेलं होतं की जमाव चालून आला म्हणून गोळी झाडावी लागली. आमच्या घरच्या पत्रकांत लिहिलेलं होतं की लोक परत फिरले होते. दोन्ही कागदच.

गिरजाबाईंनी लोखंडी पेटीतून मांजरपाटाची बंडी काढली. छातीवर आणि पाठीवर वाळून काळा झालेला डाग.

"पोट्ट्यायनं थ्याच्या आंगातून काढून जखमेवर दाबली," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात थो उघडाच गेला. मंग पोलीस आले मांगाले, म्हने बंडी द्या. म्या गादीत शिवून टाकली होती. त्याच गादीवर बसून म्या सांगतलं, जाळून टाकली म्हनून."

आपा हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं. मग त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या आणि हात पुसून पुढं केले. गिरजाबाईंनी बंडी दिली नाही.

"एक गोष्ट हाय. धुवाची नाई. सोड्यानं नाई, साध्या पान्यानंई नाई."

"नाई धुणार."

"लोकं म्हनतीन, खराब दिसते."

"म्हनू द्या. माझ्या कुलपात राहीन. तुमाले जबान देते."

येताना आपांनी बंडी पुठ्ठ्यावर आडवी ठेवली, वर मलमल टाकलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसल्या. खांद्याला धरून कापड उचलायचं नसतं, जुनं कापड खांद्यातूनच फाटतं. कंडक्टरनं विचारलं, "पापड हायेत का, बाई?"

"हो बापा, पापडच. टेकू नको."

अमरावतीला आल्यावर त्यांनी मला भिंगातून दाखवलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, बारीक भोक. त्याच्या कडेचे धागे आत वळलेले. छातीवरचं भोक मोठं, त्याचे धागे बाहेर फाकलेले.

"काय दिसते?"

"गोळी मागून लागली."

"थो पळून राहिला होता, पोरी. तोंड घराकडं होतं." त्या खुर्चीवर टेकल्या. "कागद खोटं लिहू शकते. धागा ज्या बाजूले ढकलला त्याच बाजूले वळते."

माझं डोकं पेटलं. आमच्या युवक संघटनेचा मोर्चा ठरलेला होता. मी आपांना म्हटलं, ही बंडी काठीला बांधून मोर्चाच्या पुढं नेऊ, लोकांना पाठ दाखवू. माझ्याबरोबर संघटनेची पोरंही आली होती, घोषणांच्या तयारीत. आपांनी त्यांचे हात पाहिले.

"उन्हात? काठीवर? वाऱ्यात?"

"आपा, लोक मरून राहिले!"

"म्हनूनच. तुमचा मोर्चा दुपारी सुटन. मंग हे कापड कोनाच्या खांद्यावर जाईन, कोनाच्या मोटरसायकलच्या डिक्कीत? परवा मले चिंध्या आणून द्यान, अन् म्हनान, आपा, जोडून द्या." मग माझ्याकडे वळून, "तुले दाखवाचं हाय ना? दालन उघडू दे. पेटीत पाठ वर करून ठेवते. दोन्ही बाजूनं दिसन, आरसा लावते खाली. शंभर वर्सं दिसन."

पोरं चिडून गेली. एक जण जिन्यात मोठ्यानं म्हणाला, म्हातारी संस्थेची माणूस आहे. आपांनी ऐकलं. त्या काचेला मापाची फूटपट्टी लावत राहिल्या.

मी चिठ्ठी लिहिली. त्यातलं एकही उद्गारचिन्ह त्यांना खोडावं लागलं नाही. 'ही बंडी घातलेल्या माणसाला गोळी पाठीत लागली. भोकाच्या कडेचे धागे पाहावेत.' एवढंच.

अध्यक्षांनी ती वाचली. गोळीबाराच्या त्या काळात ते कुणाच्या बाजूला उभे होते हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ते म्हणाले, "पाठ काहून दाखवाची? माणसाची छाती दाखवतात." आपा म्हणाल्या, "आमी छातीबी दाखवून राहिलो. आरशात." अध्यक्ष मान हलवून निघून गेले.

मग ईद आली. आपा सुट्टीवर गेल्या. परतल्या तेव्हा पेटीत बंडी उभी होती, लाकडी धडावर चढवलेली, पांढरीशुभ्र, नीळ दिलेली, कडक इस्त्रीची. डाग नव्हता.

आपांनी बांगड्या काढल्या. मला आठवतं, त्या वेळीसुद्धा बांगड्या काढल्या. बंडी उतरवून टेबलावर पालथी घातली आणि भिंग लावलं.

सचिव पाठीमागं येऊन उभे राहिले. अध्यक्षांचा उजवा हात, वागायला मऊ माणूस. "मंत्री येऊन राहिले ना, आपा. शहिदाची बंडी अन् अशी फाटकी, रक्तानं मळलेली ठेवाची समोर? आपल्यात पाहुण्याले असं दाखवतेत का? मान ठेवला आम्ही तिचा. अकोल्याले माझ्या साडूचं ड्रायक्लीनिंग हाय, तिथं दिली. रफूबी तिथल्याच मोठ्या कारागिराकडून. आता सांगा, भोक दिसते का कुठं?"

"नाई दिसत," आपा म्हणाल्या.

हे कपटानं केलं की भक्तीनं, यावर मी नंतर खूप भांडले. आता भांडत नाही. घरी पाहुणा येणार म्हणून उसवलेलं शिवायचं, मळलेलं धुवायचं, ही आपली रीत. अध्यक्षांना काही सांगावंही लागलं नसेल. आपल्याकडे पुरावा नष्ट करायला गुंड लागत नाहीत, नेटकेपणा पुरतो.

आपांकडे आधी काढलेले फोटो होते. त्यांनी ते टेबलावर मांडले. सचिवांनी कौतुकानं बघितले. "छान आले. पण फोटोतली बंडी ती हीच, हे कशावरून? वऱ्हाडात बंड्या का कमी हायेत?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. मी रस्ताभर बोलत होते, आपा नाही. रफूगर एका बोळात, दुकानाच्या पायरीवरच बसायचे. जाड चष्म्याचे, मेंदी लावलेल्या दाढीचे चाचा. बंडीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"वो बंडी? बेटी, ढूँढ के बताओ कहाँ थी फटी!"

आपा त्यांच्याजवळ पायरीवर बसल्या. "नहीं मिली, चाचा. मैंने काँच लगा के देखा."

"वही तो! उसी के किनारे से धागा निकाला, उसी से भरा. बाहर का एक तार नहीं डाला." मग आवाज उतरवून, "किनारे बहुत खराब थे. मुड़े हुए थे सब. काट के बराबर किए, तब काम बैठा."

"वो कतरन कहाँ है?"

"कतरन?" चाचा हसले. "झाड़ू लग गई, बेटी. कतरन कौन रखता है?"

मी तोंड उघडलं. आपांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, घट्ट.

"किसकी थी?" चाचांनी विचारलं. "कोई बुजुर्ग थे?"

"एक आदमी की थी," आपा म्हणाल्या. "काम अच्छा है, चाचा. बहुत अच्छा है."

बोळाच्या टोकाला येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मी ओरडलेच. म्हटलं, त्यांना सांगायला हवं होतं त्यांनी काय केलं ते. आपा म्हणाल्या, "काय सांगू? हातातलं सगळ्यात चांगलं काम त्यायनं या बंडीवर केलं. तेई हिसकून घेऊ?"

"मग कात्री घ्या," मी म्हटलं. "जागा तुम्हाला माहीत आहे. उसवा रफू. भोक पुन्हा उघडा."

त्या थांबल्या. रस्त्यात, ऑटोवाले हॉर्न देतायत आणि त्या थांबलेल्या. "मी पाडलं तं थे माझं भोक होईन. गोळीचं नाई. धागे कापले त्यायनं, ऐकलं ना? वळलेले धागे आता जगात नाईत. मी खोटी बंडी करू? मंग त्या सरकारी कागदात अन् माझ्या बंडीत फरक काय?"

मी त्यांना त्या दिवशी माफ केलं नाही. अजूनही पूर्ण केलेलं नाही. ती बंडी मोर्चात नेली असती तर उन्हानं विटली असती, फाटली असती, कदाचित हरवली असती. पण अमरावतीच्या हजार लोकांनी ती पाठ पाहिली असती. आपांनी ती शंभर वर्षांसाठी राखली आणि ती धुणाऱ्यांच्या हाती गेली. जपणारा माणूस संस्थेवर भरवसा ठेवतो, कुलपावर ठेवतो, आणि किल्ली दुसऱ्याकडेही असते. पेटीशेजारी ठेवायला आपांनी नवी चिठ्ठी लिहिली, 'ही बंडी या संस्थेने धुतली व रफू केली. त्याआधी हिच्या पाठीवर गोळीचे भोक होते.' सचिवांनी ती चार घड्या करून खिशात घातली. पेटीत दुसरीच चिठ्ठी लागली, 'वऱ्हाडी शेतकऱ्याचा पारंपरिक पोशाख'. मंत्र्यांना ती फार आवडली. आपांनी त्याच आठवड्यात काम सोडलं.

आणि त्या गिरजाबाईंकडे गेल्या. मी म्हटलं, कशाला जाता, त्यांना कळणारही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट बसमध्ये चढले.

गिरजाबाई सुपात तूर पाखडत होत्या. आपा समोर जमिनीवर बसल्या आणि चहाच्या आधीच सांगितलं.

"बंडी धुतली, बाई."

"कोनं?"

"आमी."

"तुमी?"

"माझ्या कुलपात होती. म्हनजे मीच."

सूप थांबलं. "अन् भोकं?"

"बुजवली."

"मंग आता थो कसा मेला म्हनतीन लोकं?" गिरजाबाईंनी विचारलं. "तापानं?"

आपांनी खाली सांडलेले तुरीचे दाणे वेचून त्यांच्या सुपात टाकले.

"म्या एवढी वर्सं पेटीत ठेवली. उंदरायनं नाई खाल्ली, वायवीनं नाई खाल्ली. पोलिसाले नाई देली. शिकल्यासवरल्याईच्या हाती देली, तं त्यायनं सोड्यात टाकली." त्यांनी सूप पुन्हा हलवलं. दोनदा, तीनदा. मग थांबून म्हणाल्या, "मले काय सांगाले आली, बाई? मले तं मालूम हाय थो कसा मेला. जिथं टांगली तिथं सांग ना."

रडलं कुणीच नाही. चहा झाला. निघताना गिरजाबाई दारापर्यंत आल्या नाहीत.

त्यानंतर आपांची माझी भेट राहूनच गेली. मीही संस्था सोडली होती आणि रागही सोडायचा नव्हता. काही महिन्यांनी पुंडलिक बाजारात भेटला. म्हणाला, "ताई, आपा येऊन राहिल्या रोज. तिकीट काढून येतेत. एकदा पाहून जा."

मी गेले. कापूस दालनाच्या दाराशी पुंडलिक उभा होता. आपांना आत येऊ द्यायचं नाही असा त्याला हुकूम होता, हे त्यानंच मला सांगितलं. "पण ताई, माझा चश्मा फुटला ना. दूरचं मले दिसत नाई." त्याला जन्मात कधी चष्मा नव्हता.

आत एका खेड्यातल्या शाळेची सहल आली होती. निळ्या फ्रॉकमधल्या मुली पेटीभोवती गोळा झाल्या होत्या आणि त्यांच्या मास्तरीणबाई चिठ्ठी वाचून दाखवत होत्या, पारंपरिक पोशाख वगैरे. आपा त्यांच्यात उभ्या होत्या. वाळल्या होत्या. आवाज घोगरा झाला होता, रोज बोलून झाला असावा.

"चिठ्ठीत नाई लिहिलं थे सांगते," त्या म्हणाल्या. "हे घालणाऱ्या माणसाचं नाव किसन. थो घराकडं पळून राहिला होता. त्याले गोळी मागून लागली. भोक होतं. मंग आमी हे धुतलं, अन् भोक बुजवलं. म्हनून तुमाले दिसत नाई."

मुली काचेला नाक लावून शोधू लागल्या. बंडी छाती पुढं करून उभी होती, पाठ भिंतीकडे.

"कुठं होतं भोक?" एकीनं विचारलं.

आपा वळल्या. मुलींकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि उजवा हात खांद्यावरून मागं नेऊन ती जागा दाखवू लागल्या. हात पुरेना. खालून नेला, तरी पुरेना. दाराबाहेरच्या जिन्यावर सचिवांचा आवाज यायला लागला होता, पुंडलिक त्यांना मुद्दाम मोठ्यानं काहीतरी विचारत होता. विचारणारी ती मुलगी पुढं झाली. तिनं हातातली काचेची बांगडी वर सरकवली आणि आपांच्या पाठीवर बोट ठेवलं.

"इथं?"

"थोडं खाली," आपा म्हणाल्या.